ताशी तीसची मिरवणूक

"आयर्लंड आहे केवढंसं! या टोकाला शिंकलं तर त्या टोकाचा माणूस ‘देव भलं करो’ म्हणतो! मी माझी गाडी घेऊन येणार, म्हणजे येणार!"

नोरीनबाई टार्पी फोनवर भावाला एवढं ठणकावून बोलल्या, फोन ठेवला आणि मटकन खुर्चीत बसल्या. बाईंना गाडी चालवता येते हे सरकारला मान्य होतं, पण खुद्द बाईंना ते अजून पटलेलं नव्हतं!

वय त्रेसष्ट. नवरा कीरन घरोघरी गालिचे बसवायचा. तो गेला आणि मागे एक लांबच लांब, काळीभोर गाडी ठेवून गेला. गालिच्यांच्या गुंडाळ्या आडव्या मावाव्यात म्हणून घेतलेली. बाईंनी साठी उलटल्यावर शिकायला घेतलं आणि पाचव्या परीक्षेत पास झाल्या. तेव्हापासून घर, बाजार, चर्च आणि परत घर. त्यातही फक्त डावी वळणं! चर्चहून येताना एकच उजवं वळण होतं. ते चुकवायला बाई चार किलोमीटरचा वळसा घालायच्या आणि शेजारणीला सांगायच्या, "त्या बाजूला हवा फार छान असते हो!"

आणि आता एकदम सव्वादोनशे किलोमीटर! किल्डेअरपासून निघून अख्खा देश ओलांडून मेयोपर्यंत!

पण कारणच तसं होतं. ग्रान्याचं लग्न. ग्रान्या म्हणजे बाईंच्या बहिणीची मुलगी. आईबाप गेले तेव्हा सहा वर्षांची होती, ती बाईंच्या घरी आली आणि बाईंचीच झाली. आता मेयोतल्या मुलाशी तिकडच्याच चर्चमध्ये तिचं लग्न होतं. नवरीला हाताला धरून वेदीपर्यंत न्यायचा मान बापाचा, आणि बाप नसेल तर ज्याने वाढवलं त्याचा. ग्रान्याने स्पष्ट सांगितलं होतं, "मावशी, मला तूच न्यायचं." बाईंनी त्या दिवसापासून स्वयंपाकघर ते दिवाणखाना अशी चालायची तालीम सुरू केली होती.

घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी. लग्न दुपारी दोनला, आणि फादर असे शिस्तीचे की घड्याळात दोन वाजले म्हणजे नवरा नसला तरी ते सुरू करतील! "दोनला तू पोचली नाहीस," बाईंचा भाऊ मलाकी फोनवर म्हणाला होता, "तर मी नेईन पोरीला. मामा आहे मी तिचा. सूटही शिवून तयार आहे."

"सूट दे बांधून परत!" बाई कडाडल्या होत्या.

तसे दुसरे मार्ग बाईंनी पाहिले नव्हते असं नाही. पण ग्रान्याला नव्या घरात तिच्या आईचं लंबकाचं घड्याळ हवं होतं, आणि ते घड्याळ बाईंपेक्षा वीतभर उंच! बाईंनी रेल्वेच्या खिडकीवर चौकशी केली.

"डब्लिनला उतरून दुसऱ्या स्टेशनात जावं लागेल," खिडकीतला माणूस म्हणाला. "घड्याळ पाठुंगळीला घेणार का?"

बसवाला म्हणाला, "मांडीवर घेणार असाल तर या."

राहिला मलाकी. "मी येतो न्यायला," तो म्हणाला, "तू गाडी चालवत निघालीस तर लग्नाला नाही, बारशाला पोचशील!" सव्वादोनशे किलोमीटर मलाकीच्या शेजारी बसून असली टोचणी ऐकायची? त्यापेक्षा बाई घड्याळ डोक्यावर घेऊन चालत गेल्या असत्या!

म्हणून मग कीरनची गाडी. बाईंनी नकाशा पसरला, हायवे लाल पेन्सिलीने खोडून टाकले आणि छोट्या छोट्या रस्त्यांचा, जमेल तितक्या डाव्या वळणांचा मार्ग काढला. सगळं टाळलं, पण मेयोच्या अलीकडचं एक सर्कल काही टळेना. मोठं गाव, पाच रस्ते आणि मधोमध ते सर्कल! बाईंनी त्यावर पेन्सिलीने क्रूस काढला.

शनिवारी सकाळी सहाला बाई निघाल्या. घड्याळ जुन्या लाकडी पेटीत घालून मागे आडवं ठेवलेलं, सुताराने पितळी कड्या लावलेल्या. ओरखडे पडू नयेत म्हणून पेटीवर पांढरीशुभ्र चादर. चर्च सजवायला बागेतली पांढरी शेवंती आणि लिली नेत होत्या, ती ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून फुलं चादरीवर. गुलाबी ड्रेसवर चहा सांडू नये म्हणून वरून कीरनचा काळा ओव्हरकोट. दिवसाढवळ्या पुढचे दिवे लावलेले, मागचे लुकलुकणारे दिवेही लावलेले. आणि वेग ताशी तीस!

मंडळी, तुमच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहिलं ना, तेच सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. एक बाई सोडून! बाईंचे डोळे रस्त्याला चिकटलेले. मधल्या आरशात फक्त पेटी दिसत होती, आणि बाजूचा आरसा बाईंनी सकाळी टोपी नीट करायला वळवून घेतला होता.

शॅनन नदीचा पूल बाईंनी श्वास रोखून पार केला. पलीकडे रोस्कॉमनचे अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना दगडी बांध, गाईगुरं. इथून मौज सुरू झाली.

समोरून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर दिसला की बाई आधी ब्रेक दाबायच्या. पण हा ट्रॅक्टर चक्क बाजूला झाला! गवतात उतरून थांबला. वरच्या माणसाने टोपी काढली, मान खाली घातली आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

"अगं बाई!" नोरीनबाई म्हणाल्या. "माझं चालवणं बघून देवाचा धावा करतोय मेला!"

मग दुधाचा टँकर थांबला. मग एक पोस्टमन सायकलवरून उतरून उभा राहिला. पुढच्या खेड्यातून जाताना तर खाटकाने दुकानाची फळी अर्धी खाली ओढली, केशकर्तनवाल्याने दिवे मालवले आणि अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक गळ्यातल्या टॉवेलसकट दारात येऊन उभं राहिलं. बाईंना आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं, गाडीच्या काचेवर नव्याने पास झालेल्यांची पाटी आहे! तिला मान देताहेत सगळे! केवढी सुधारलेली माणसं! किल्डेअरात या पाटीला बघून लोक हॉर्न वाजवतात, आणि इकडे टोप्या काढतात! बाईंचा जीव भरून आला. त्यांनी स्टिअरिंगवरून एक बोट उचलून सगळ्यांना रामराम केला आणि छाती काढून बसल्या.

मागे काय चाललंय ते त्यांना ठाऊकच नव्हतं. मागे झाली होती रांग!

त्याचं असं आहे, त्या मुलखात मयताची गाडी दिसली आणि मागे गेलो नाही, तर दहा वर्षं तोंड दाखवायला जागा राहत नाही. लग्न चुकलं तर चालतं, मयत चुकता कामा नये! आणि दुसरं म्हणजे, कोण गेलं हे विचारायचं नाही. विचारलं म्हणजे तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं म्हणजे तुम्ही माणसात नाही. त्यामुळे पहिली गाडी आपल्याला ठाऊक आहे अशा थाटात मागे लागली, दुसरी पहिलीला बघून लागली, आणि बघता बघता चाळीस गाड्या झाल्या. दोन ट्रॅक्टर वेगळेच.

साडेबाराला नोरीनबाईंना एका पेट्रोलपंपाशी थांबावंच लागलं. सकाळपासूनचा चहा आता ऐकेना. त्या गाडी लावून धावत आत गेल्या, आणि पाच मिनिटांनी बाहेर येऊन बघतात तर सगळं आवार माणसांनी भरलेलं! काळे कोट, खाली घातलेल्या माना, दबके आवाज.

"अरे देवा!" बाई दारातच थबकल्या. "मी कुणाच्या तरी मयतात घुसले की काय!"

आता विचारायचं तरी कसं? बाईही त्याच मातीतल्या. तेवढ्यात एक उंच, वाकलेला म्हातारा पुढे आला, आणि त्याच्यामागून त्याची गोल गरगरीत बायको. बार्टली आणि ऊना. बार्टलीने बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला.

"फार चांगला माणूस होता," तो म्हणाला.

"फारच चांगला," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

"मी खेळलोय त्याच्याबरोबर फुटबॉल. काय पाय होता!"

"कधी कुणाला टाकून बोलला नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

"थोरल्या मायकलसारखा माणूस होणे नाही," तिसरा म्हणाला. थोरला मायकल हे नाव कुठून निघालं ते देवालाच ठाऊक, पण एकदा निघालं म्हटल्यावर सगळ्यांना आठवायला लागला! एकाला त्याची झुपकेदार मिशी आठवली, एकीला त्याचा गाता गळा. नोरीनबाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं. बिचारा मायकल! त्या रुमाल काढून नाक पुसत होत्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून शववाहिका शोधत होत्या. काही केल्या दिसेना.

"आणि तुम्ही त्याला स्वतः पोचवताय," ऊनाबाई हुंदका देऊन म्हणाल्या. "धन्य आहे तुमची!"

"मी?" नोरीनबाई म्हणाल्या.

एवढ्यात बार्टलीने पंपावरून एक फुलांचा गुच्छ विकत आणला, तो ठेवायला काळ्या गाडीचं मागचं दार उघडलं, पेटीवर अलगद हात टेकला, आणि म्हणाला, "मायकल, जा रे बाबा सुखाने."

पेटी म्हणाली, "ठण्ण्!"

बार्टलीने असली उडी मारली की वयाच्या विशीत फुटबॉलमध्येही मारली नसेल! चाळीस गाड्यांतली माणसं एकदम मागे सरकली. ऊनाबाईंनी शेजारच्या अनोळखी बाप्याला मिठी मारली.

"जिवंत आहे! जिवंत आहे तो! उघडा!"

"अहो, घड्याळ आहे ते!" नोरीनबाई किंचाळल्या. आणि बाईंच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. ट्रॅक्टर, टोप्या, खाटकाची फळी, सगळं. बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी चादर बाजूला केली, झाकण उचललं. आत तबकडी, काटे आणि लंबक.

सगळ्या टोप्या पेटीवर वाकल्या.

"घड्याळ," बार्टली म्हणाला. "मग थोरला मायकल?"

"तूच ना फुटबॉल खेळलास त्याच्याबरोबर!" ऊनाबाई कडाडल्या.

"असता तर खेळलोच असतो ना!"

आणि नोरीनबाई रडायला लागल्या. खोटं नाही, खरंखुरं, हमसून हमसून. "माफ करा मला! सगळ्यांचा दिवस वाया घालवला. माझ्या पोरीचं लग्न आहे हो, दोन वाजता! मी तिला हाताला धरून न्यायचं ठरलंय. आता साडेबारा वाजून गेले, अजून पन्नास किलोमीटर आहेत, आणि मध्ये ते सर्कल! मला सर्कल जमत नाही! माझा भाऊ तिथे सूट घालून उभा असेल!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. खरं म्हणजे चिडायला हवं होतं. पण चिडून जाणार कुठे? घरी गेल्यावर सांगणार काय, की चाळीस किलोमीटर घड्याळाच्या मयताला गेलो होतो?

बार्टलीने टोपी डोक्यावर घातली. "बाई, निघालेल्या मयताला अर्ध्यावर सोडायची आमच्यात पद्धत नाही. मग ते कुणाचं का असेना. बसा गाडीत."

"जेवणाचं काय आहे तिकडे?" ऊनाबाईंनी विचारलं.

"हॅम आहे, भाजलेले बटाटे आहेत, तीन मजली केक आहे. सगळ्यांनी या, मी सांगते ना!"

"चला रे!" ऊनाबाई ओरडल्या. "फुलं नीट लावा परत! चादर ओढा! हा विकतचा गुच्छही ठेवा! आणि बाई, आता तीसवर नका नेऊ. पन्नास! मयताला घाई नसली तरी नवरीला आहे!"

"पन्नास?" बाईंचा आवाज चिरकला. एवढ्या वेगाने त्या आजवर गेल्या होत्या त्या फक्त परीक्षेत, तेही परीक्षक ओरडला म्हणून.

पण गेल्या, मंडळी! पन्नासवर गेल्या! बार्टलीची गाडी अगदी मागे, काच खाली करून ऊनाबाईंचा आवाज पुढे, "शाबास! अस्संच! दुसरा गिअर नको, चौथा!" ट्रॅक्टरवाले मागे पडले, पण त्यांनी हात हलवून निरोप दिला.

आणि आलं ते सर्कल. शनिवारची दुपार, बाजार, पाच रस्त्यांवर पाच रांगा. बाईंनी डोळे मिटायचे म्हणून पापण्या अर्ध्या खाली आणल्या होत्या. तोच मधोमध उभ्या असलेल्या पोलिसाने काळी गाडी पाहिली, मागची रांग पाहिली आणि दोन्ही हात पसरून अख्खं गाव थांबवलं! बस थांबली, मालाचे ट्रक थांबले, एक माणूस रस्त्यात आइस्क्रीम धरून तसाच थांबला. पोलिसाने खाडकन सॅल्यूट ठोकला. नोरीनबाईंनी त्या सर्कलला असा काही वळसा घातला, की शिकवणाऱ्या मास्तरांनी पाहिलं असतं तर घरी जाऊन बायकोला सांगितलं असतं. सर्कलमध्ये उजवीकडे वळावं लागतं हे त्यांच्या ध्यानात आलं ते दोन किलोमीटर पुढे गेल्यावर!

"मी उजवीकडे वळले!" बाई एकट्याच गाडीत ओरडल्या. "वळले मी!"

तिकडे चर्चच्या फाटकात मलाकी उभा. नवा सूट, कोटाला कार्नेशनचं फूल, दर मिनिटाला घड्याळाकडे नजर. दोनला दहा कमी. त्याने पाहुण्यांना सांगून टाकलं होतं, "आमची नोरीन कुठल्यातरी गायीच्या मागे थांबली असेल. चला, मीच नेतो पोरीला."

आणि वळणावरून ती आली. काळी लांब गाडी, दिवे लागलेले, मागे पेटी, पेटीवर फुलांचा ढीग, आणि त्यामागे गाड्याच गाड्या. मलाकीने गाडीचा नंबर वाचला. कीरनची गाडी! नोरीनची गाडी! स्टिअरिंगमागे मात्र कोणी दिसेना, कारण नोरीनबाई बुटक्या, आणि त्या क्षणी त्या ब्रेक शोधायला अजूनच खाली सरकल्या होत्या.

मलाकीचा चेहरा पांढराफटक पडला.

"नोरीऽन!" त्याने हंबरडा फोडला. "गेली! माझी बहीण गेली! मीच मारलं तिला! टोचून टोचून मारलं!" तो गाडीच्या मागच्या काचेवर डोकं टेकून रडायला लागला. "अगं, काय सुंदर गाडी चालवायचीस तू! मला लाज वाटायला हवी होती, माझी धाकटी बहीण साठीत शिकली आणि मी तिला बारशाला पोचशील म्हणालो! ग्रान्याला तूच न्यायला हवी होतीस गं! तुझाच मान होता!"

मागून बार्टली उतरला. सगळं माहीत असूनही सवय ती सवय. त्याने मलाकीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "फार चांगली बाई होती."

तेवढ्यात पुढची काच हळूहळू खाली गेली आणि बाहेर एक टोपी आली.

"मलाकी," टोपीखालून आवाज आला, "त्या गाडी चालवण्याबद्दल काय म्हणालास ते पुन्हा एकदा म्हण. जरा मोठ्याने. फादरही ऐकताहेत."

मलाकीने बहिणीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, पुन्हा बहिणीकडे पाहिलं. मग दार उघडून त्याने तिला असं काही उराशी धरलं, की टोपी चपटी झाली. "बयो! बयो गं! जीव घेतलास माझा!" आणि लगेच भानावर येऊन, नाक पुसत, "आठ तास लागतात होय गं सव्वादोनशे किलोमीटरला?"

पण उत्तर द्यायला बाईंना वेळ नव्हता. दोनला चार कमी! काळा ओव्हरकोट मलाकीच्या अंगावर, फुलं ऊनाबाईंच्या हातात, घड्याळ सहा जणांच्या खांद्यावर, आणि गुलाबी ड्रेसमधल्या नोरीनबाई थेट ग्रान्याच्या समोर!

"मावशी!" ग्रान्याचे डोळे भरले. "आलीस! स्वतः आलीस!"

"येणार म्हटलं होतं ना," बाई म्हणाल्या. बाकीचं बोलणं नंतर! त्यांनी पोरीचा हात आपल्या हातात घट्ट घेतला. सहा वर्षांची असताना घेतला होता तसाच.

ऑर्गन वाजायला लागला. दोघी निघाल्या. बाईंनी घरी इतकी तालीम केली होती, पण आता मान अशी ताठ, पाऊल असं सावकाश, जणू हा रस्ता संपूच नये. पाहुणे उभे राहिले. आणि मागे दारातून आत आलेले ते चाळीस गाड्यांतले लोक, काळे कोट, हातात टोप्या, त्यांना बसायला जागाच दिसेना. शिवाय आज दिवसभर ज्या बाईच्या मागे आलो तिच्याच मागे जायचं, दुसरं काय सुचणार? दोघा-दोघांची रांग करून, माना खाली घालून, तेही वेदीकडे निघाले. सगळ्यांच्या मागे सहा जणांच्या खांद्यावर घड्याळ! ते खाली कुठे ठेवायचं हे सांगायला कुणालाच सुचलं नव्हतं.

फादरनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

ग्रान्याने एकदा हळूच वळून पाहिलं आणि मावशीच्या कानाशी लागली. "मावशी, जरा भरभर चल ना! आपल्यामागे केवढी रांग लागलीय बघ!"

नोरीनबाईंनी मागे पाहिलं नाही. पाऊलही तसूभर वाढवलं नाही.

"लागू दे गं," त्या म्हणाल्या. "घाई असेल त्याने खुशाल ओव्हरटेक करावं!"